विरघळत नाही त्याची चव

टाकीतल्या ऑक्टोपसला काही दिसत नाही. त्याच्या दृष्टिचेता शस्त्रक्रियेने तोडल्या आहेत. तो टाकीच्या भिंतीला बिलगून, दोन-तीन भुजा सैल सोडून बसला आहे. मार्टिन वेल्स प्लास्टिकचा एक छोटा दंडगोल त्यातल्या एका भुजेला हलकेच टेकवतात. जिथे स्पर्श झाला तिथला चूषक वळतो, दंडगोल धरतो, शेजारच्या चूषकाकडे देतो, तो पुढच्याकडे. वस्तू तोंडाच्या दिशेने सरकू लागते. कधी मध्येच भुजेला काहीतरी पटत नाही आणि ती दंडगोल दूर लोटून देते. योग्य वस्तू स्वीकारली तर माशाचा तुकडा मिळतो, चुकीची स्वीकारली तर विजेचा सौम्य झटका. पुरेशा वेळा हे घडले की आंधळा ऑक्टोपस चुका करेनासा होतो.

हे चालले होते १९५० च्या दशकात, नेपल्सच्या समुद्रकाठी. अँटोन डोर्न या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये स्थापन केलेले तिथले संशोधन केंद्र समुद्री जीवांच्या अभ्यासकांचे माहेरघर होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जे. झेड. यंग यांनी तिथे ऑक्टोपसच्या मेंदूचा अभ्यास नेटाने सुरू केला आणि इंग्लंडमधून तरुण संशोधकांची रीघ लागली. वेल्स त्यांपैकीच एक. कादंबरीकार एच. जी. वेल्स यांचे ते नातू. पत्नी जॉइस यांच्यासोबत त्यांनी ऑक्टोपसच्या स्पर्शाचा पिच्छा पुरवला. आज या प्रयोगांची वर्णने वाचताना त्या प्राण्यांसाठी जीव हळहळतो. ऑक्टोपससारख्या प्राण्यांवरच्या प्रयोगांना सबंध युरोपीय संघात कायद्याचे बंधन आले ते २०१० च्या निर्देशाने. पण त्या टाक्यांमधून जो प्रश्न वर आला, त्याचे वजन कमी होत नाही.

वेल्स दंडगोलांवर खाचा पाडून घेत. एकावर उभ्या, दुसऱ्यावर आडव्या, कुठे दाट, कुठे विरळ. ऑक्टोपसला खाचांचे प्रमाण कळे. म्हणजे पृष्ठभागाचा किती भाग खडबडीत आणि किती गुळगुळीत, हे तो नेमके ओळखे. पण खाचा उभ्या आहेत की आडव्या, हे त्याला काही केल्या शिकवता येईना. आकाराने सारख्याच, पण एक जड आणि एक हलकी अशा दोन वस्तूही त्याला वेगळ्या वाटत नसत. आपण डोळे मिटून हातात लिंबू घेतले तर बोटे कुठे कशी वाकली आहेत यावरून मेंदू त्या लिंबाचा आकार रचतो. ऑक्टोपसच्या भुजेला हाड नाही, सांधा नाही. ती कुठेही, कशीही वळते. तिची प्रत्येक क्षणाची ठेवण मेंदूने टिपून ठेवणे जवळजवळ अशक्यच. त्यामुळे त्याला वस्तू कळते ती ठिकठिकाणच्या चूषकांनी स्वतंत्रपणे दिलेल्या साक्षींच्या बेरजेतून.

मग वेल्स यांनी या साक्षींमध्ये रसायने आणली. साखर, आम्ल आणि क्विनाइन, म्हणजे गोड, आंबट आणि कडू. ज्या वस्तू स्पर्शाला अगदी सारख्या, पण एकीला यातले काही लागलेले, त्या ऑक्टोपसने बिनचूक वेगळ्या केल्या. १९६३ मध्ये वेल्स यांनी जाहीर केले की समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही हे प्राणी ही रसायने ओळखतात आणि माणसाच्या जिभेला शुद्ध पाण्यात लागतील त्यापेक्षा किमान शंभरपट विरळ असली तरी ओळखतात. ऑक्टोपस स्पर्श करता करता चव घेतो, हे सिद्ध झाले.

पण चव नेमके कोण घेते? चूषक तर स्नायूंचा बनलेला. बाहेर पसरट बशी, तिच्या मध्यभागी भोक, भोकाच्या आत पोकळ वाटी. बशी चिकटते आणि वाटीचे स्नायू आतला दाब उतरवतात, की पकड बसते. बशीवर कायटिनचे पातळ आवरण असते. ते झिजले की टाकून दिले जाते आणि खाली नवे तयार असते. या सगळ्याभोवती मऊ, मांसल, सतत हलणारा काठ. एवढ्या यंत्रणेत जीभ कुठे लपली आहे?

याचे उत्तर शोधणारा माणूस टाकीजवळ नव्हता, तो सूक्ष्मदर्शकाजवळ बसला होता. पास्क्वाले ग्राझिआदेई हे इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ १९५० च्या दशकापासून ऑक्टोपसवर्गीय प्राण्यांच्या भुजांचे काप रंगवत होते. चेतापेशी रंगवणे हे तेव्हा, आणि पुष्कळ अंशी आजही, हातगुणाचे काम. चांदीच्या क्षारांत ऊतकाचा काप भिजवायचा आणि वाट पाहायची. नशीब असेल तर चांदी चेतातंतूंवर बसते आणि फिकट पार्श्वभूमीवर ते तपकिरी-काळे उमटतात. नसेल तर सगळा काप गढूळ होतो. तोच प्राणी, तेच द्रावण, तोच हात, आणि निकाल रोज वेगळा. शोधकथांमध्ये अशा फुकट गेलेल्या कापांना जागा मिळत नाही. ग्राझिआदेईंच्या चित्रांतली एकेक स्वच्छ रेषा पाहताना मला मात्र ते आठवतात. १९६२ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा चूषकातल्या ग्राहींवरचा, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या पेशींवरचा, छोटासा लेख आला.

त्यांना दिसले ते असे. चूषकाच्या काठाची त्वचा उंच, खांबासारख्या पेशींच्या एकाच थराची आहे. या खांबांच्या मधल्या फटींतून दुसऱ्याच जातीच्या, निमुळत्या पेशी वर चढतात. त्यांचे वरचे टोक त्वचेच्या पृष्ठभागावर एका सूक्ष्म छिद्रात येते आणि तिथे केसांसारख्या रोमांचा झुपका पाण्याला भिडतो. खालच्या टोकातून एक बारीक तंतू निघतो आणि स्नायूंच्या दिशेने चेतातंतूंच्या जाळ्यात शिरतो. म्हणजे ही पेशी म्हणजे स्वतःच एक चेतापेशी. तिचे एक टोक जगात आणि दुसरे टोक चेतासंस्थेत.

इथे क्षणभर थांबायला हवे. आपल्या जिभेवर चव घेणाऱ्या पेशी चेतापेशी नसतात. त्या चव टिपतात आणि शेजारच्या चेतातंतूच्या हवाली करतात. नाकात मात्र वास टिपणारी पेशी हीच चेतापेशी असते आणि तिचा तंतू थेट मेंदूत जातो. चूषकाच्या काठावर ग्राझिआदेईंना जे सापडले ते घडणीने जिभेपेक्षा नाकाच्या जवळचे होते. आणि अशा पेशी थोड्याथोडक्या नव्हत्या. एकेका चूषकात त्या हजारोंनी होत्या. पुढे या क्षेत्रात दर चूषकामागे सुमारे १० हजार हा आकडा रूढ झाला. एका भुजेवर दोनशेहून अधिक चूषक आणि अशा आठ भुजा. यंग यांच्या मोजणीनुसार ऑक्टोपसच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी बहुसंख्य त्याच्या भुजांमध्ये आहेत, मेंदूत नाहीत. इतक्या पेशी भुजांत करतात तरी काय, या प्रश्नाचे निदान एक उत्तर आता काचेच्या पट्टीवर दिसू लागले.

साध्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा लगेच आडवी आली. रोम आहेत हे कळते, पण किती, कसे, कुठे रुजलेले, हे कळत नाही. प्रकाशाच्या लहरींपेक्षा बारीक गोष्टी प्रकाशाने पाहता येत नाहीत. म्हणून ग्राझिआदेई इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाकडे वळले. त्यासाठी ऊतक ऑस्मियमच्या ऑक्साइडने स्थिर करायचे, रेझिनमध्ये ओतून घट्ट करायचे आणि मग केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाइतके पातळ काप काढायचे. १९६४ मध्ये त्यांनी ऑक्टोपसच्या चूषकातल्या प्राथमिक ग्राहींची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली चित्रे प्रसिद्ध केली.

आता अडचण उलटी झाली. इतक्या पातळ कापात अख्खी पेशी कधीच येत नाही. एका चित्रात रोमाचा आडवा छेद, दुसऱ्यात केंद्रकाची कड, तिसऱ्यात कुठल्यातरी तंतूचा गोल ठिपका. हा ठिपका त्या पेशीचाच की शेजारणीचा? कापामागून काप लावून, मनात पेशी उभी करावी लागते. साध्या सूक्ष्मदर्शकात पेशीचा आकार दिसतो पण तपशील नाही. इलेक्ट्रॉनच्या चित्रात तपशील दिसतो पण आकार नाही. दोन्ही अपुऱ्या नजरा एकमेकींवर ताडून पाहत हे काम वर्षानुवर्षे चालले. १९७६ मध्ये एच. टी. गॅन्ये यांच्यासोबत लिहिलेल्या दीर्घ निबंधात चूषकाच्या काठाचा नकाशा पुरा झाला. त्यात ग्राही पेशींचे चार नमुने आहेत. एक गोलसर पेशी. एक वेडीवाकडी, अनेक फाटे फुटलेली. एक ती निमुळती, रोमधारी, सर्वांत विपुल. आणि एक चपटी, जी पृष्ठभागापर्यंत येतच नाही. खांबपेशींच्या पायथ्याशी आडवी पसरलेली असते. या साऱ्यांचे तंतू खाली काही मोजक्या चेतापेशींवर येऊन मिळतात. हजारो साक्षीदार, आणि त्यांचे म्हणणे ऐकणारे थोडे. चूषकातून वर जाताना माहितीची छाननी तिथल्या तिथेच होत असली पाहिजे, हे त्या रचनेतूनच दिसत होते.

रोमधारी पेशी चव घेत असाव्यात आणि गोल, फाटेदार पेशी स्पर्श टिपत असाव्यात, असा अंदाज त्यांनी मांडला. इतर प्राण्यांत तसे दिसते म्हणून. पण नावे देताना मात्र त्यांनी आकाराचीच दिली: गोल, निमुळती, चपटी. 'चवपेशी' आणि 'स्पर्शपेशी' अशी आकर्षक नावे हाताशी होती, ती वापरली नाहीत. मला या संयमाचे मोठे मोल वाटते. पेशीला चव लागते हे डोळ्यांना दिसत नाही. दिसला तो आकार, आणि त्यांनी लिहिला तोही आकारच.

ग्राझिआदेई पुढे अमेरिकेत फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात होते आणि तिथे त्यांचे नाव झाले ते नाकामुळे. वास टिपणाऱ्या चेतापेशी मरतात आणि त्यांच्या जागी आयुष्यभर नव्या चेतापेशी येत राहतात, हे त्यांनी जुझेप्पिना मॉन्टी ग्राझिआदेई यांच्यासह सस्तन प्राण्यांत दाखवून दिले. प्रौढ प्राण्यात नवी चेतापेशी जन्मूच शकत नाही असे मानण्याच्या त्या काळात हे धाडसाचे विधान होते. ऑक्टोपसच्या काठावरच्या पेशींपासून नाकाच्या पेशींपर्यंतची ही वाट मला फार स्वाभाविक वाटते. दोन्हीकडे तीच पेशी, एक टोक बाहेर आणि एक आत.

चूषकाचा नकाशा मात्र तिथेच राहिला, तब्बल चार दशके. कारण आळस नव्हते. पेशी काय करते हे जाणायचे तर ती जिवंत हवी, सुटी हवी आणि तिच्यातून वाहणारी अब्जांश अँपिअरहूनही सूक्ष्म वीज मोजता यायला हवी. शिवाय रेणू पकडणारे प्रथिन कोणते, हे माहीत हवे; त्यालाही ग्राहीच म्हणतात. माशी, उंदीर, माणूस यांच्यात वासाचे आणि चवीचे ग्राही एकामागून एक सापडत गेले. ऑक्टोपसचा जनुकसंचच कोणी वाचला नव्हता, तर शोधायचे कुठे?

तो वाचला गेला २०१५ मध्ये. शिकागो, बर्कली आणि ओकिनावा इथल्या संशोधकांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या, डोळ्यांखाली निळी वर्तुळे असलेल्या दोन-ठिपकी ऑक्टोपसचा जनुकसंच 'नेचर'मध्ये मांडला. सुमारे ३३ हजार जनुके, म्हणजे माणसापेक्षा जास्त. वृत्तपत्रांनी मेंदूच्या जडणघडणीशी संबंधित जनुकांच्या भल्यामोठ्या कुटुंबांवर मथळे दिले. पण त्याच निबंधात एक लहानशी नोंद होती, जिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले असेल. अॅसिटिलकोलिन नावाचा एक रेणू आहे. चेतातंतू स्नायूला 'आकुंचन पाव' असे सांगतो तो या रेणूच्या भाषेत, आणि स्नायूवरच्या ज्या प्रथिनाला ते ऐकू येते त्याच्यावरच तंबाखूतले निकोटिनही काम करते. ऑक्टोपसमध्ये या प्रथिनाच्या नातलगांची गर्दी दिसली. पण त्या नातलगांच्या रचनेतून नेमके अॅसिटिलकोलिन पकडणारे दुवेच गायब होते. आणि ते ठासून भरलेले होते चूषकांमध्ये. हे बहुधा संवेदनेचे ग्राही असावेत, असे संशोधकांनी एका वाक्यात सुचवले आणि ते पुढे गेले.

दारावर नुसती थाप पडली होती. ते उघडले हार्वर्डमध्ये.

निकोलस बेलोनो यांनी स्पर्श आणि उष्णतेच्या ग्राहींसाठी पुढे नोबेल मिळवणारे डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत उमेदवारी केली होती. स्वतःच्या प्रयोगशाळेत त्यांनी मुद्दाम विचित्र प्राणी निवडले. तिथे लेना फान गीसन यांनी दोन-ठिपकी ऑक्टोपसच्या चूषकांतल्या पेशी एकमेकींपासून सोडवल्या, जिवंत ठेवल्या आणि एकेकीच्या आवरणावर काचेची सूक्ष्म नळी टेकवून तिची वीज मोजली. समोर वेगळ्या घडणीच्या दोन तऱ्हेच्या पेशी होत्या. एका तऱ्हेच्या पेशीला हलकेच ढकलले की ती क्षणभर स्पंदने देई आणि गप्प होई. माशाचा अर्क लावला तर तिला काहीच नाही. दुसरीला ढकलून उपयोग नाही, पण अर्क पोहोचला की तिची स्पंदने सुरू होत आणि रेणू समोर आहे तोवर चालू राहत.

या फरकात केवढा अर्थ आहे! 'काहीतरी लागले' ही बातमी एकदाच द्यायची असते. 'ते काय आहे' हे मात्र ते हातात आहे तोवर सांगत राहावे लागते. ग्राझिआदेई आणि गॅन्ये यांनी आकारावरून मांडलेला अंदाज, की स्पर्श आणि चव यांचे काम वेगवेगळ्या पेशींत वाटलेले आहे, चव्वेचाळीस वर्षांनी विजेच्या आलेखावर खरा ठरला. स्पर्शाच्या पेशींत फळमाशीतून ओळखीचे असलेले एक स्पर्शग्राही प्रथिन सापडले. आणि चवीच्या पेशींत? तिथे होती तीच २०१५ मधली गर्दी, अॅसिटिलकोलिन विसरलेल्या नातलगांची. अशी २६ जनुके त्यांनी मोजली आणि त्या प्रथिनांना रसस्पर्शी ग्राही म्हटले.

हे ग्राही काय पकडतात हे पाहण्यासाठी त्यांची जनुके प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये घातली आणि त्यांच्यावर रेणूंचा मारा केला. समुद्री प्राण्याच्या बाबतीत कोणीही आधी पाण्यात विरघळणारे रेणू तपासेल. अमिनो आम्ले, शर्करा, क्षार. पाण्यातला वास पाण्यातून वाहतच यायचा. हवेत उलटे असते. आपल्या नाकाशी येणारे पुष्कळ रेणू तेलकट, पाण्याला नको असलेले आणि हवेत सहज उडणारे असतात. पण रसस्पर्शी ग्राहींनी ज्या रेणूंना सर्वांत जोरदार दाद दिली ते टर्पिनॉइड होते. पाण्यात विरघळायला नाखूष असलेल्या रेणूंचे हे मोठे घराणे आहे. झाडांची सुगंधी तेले त्यातलीच आणि समुद्रातले अनेक जीवही आत्मरक्षणासाठी टर्पिनॉइड बनवतात.

वेल्स यांनी साठेक वर्षे आधी टाकीत जे वर्तन पाहिले त्याचे मर्म इथे उघडे पडते. विरघळत नाही तो रेणू पाण्यात दूर जात नाही. तो जिथे तयार झाला त्या कवचावर, कातडीवर, दगडावर चिकटून राहतो. त्याचा वास येऊ शकत नाही, त्याला हात लावावा लागतो. म्हणजे समुद्रतळाच्या प्रत्येक पृष्ठभागावर एक लेप आहे, जो पोहत जाणाऱ्या माशाच्या नाकाला कधीच कळणार नाही आणि जो वाचायचा तर चूषकच हवा. ऑक्टोपस खडकांच्या कपारींत, दिसत नसलेल्या जागी भुजा घालून शिकार शोधतो. तिथे आठ भुजांवरच्या कोटीहून अधिक पेशी हा लेप वाचत असतात.

याच ठिकाणी अॅरिस्टॉटल आठवतो. त्याने प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की खडकाला घट्ट धरलेला ऑक्टोपस सुरी लावली तरी सुटत नाही, पण एक उग्र वासाची वनस्पती जवळ नेली की तो लगेच पकड सोडतो. ती वनस्पती शेवंतीच्या कुळातली, टर्पिनॉइडांसाठी प्रसिद्ध असलेल्या कुळातली. बहुधा एजियन समुद्रातल्या कोळ्यांकडून आलेले हे ज्ञान आणि हार्वर्डमधले आलेख यांची गाठ बांधण्याचा मोह अनावर होतो. प्रयोगावाचून ती बांधू नये. पण कोळ्याने पाहिले ते खरे पाहिले असेल, एवढे आता मनापासून म्हणावेसे वाटते.

पुढचे पाऊल ग्राझिआदेईंच्या पायवाटेवरचे, आणखी हजारोपट खोल. त्यांनी पेशीचा आकार पाहिला. आता प्रथिनाचा आकार पाहायचा होता. मानवी निकोटिन ग्राहीची रचना २०१६ मध्ये उलगडणारे रायन हिब्स यांच्याशी बेलोनोंनी हात मिळवले. कोरी अॅलार्ड आणि गिप्युन कांग यांच्या पुढाकाराने ऑक्टोपसचा एक ग्राही क्षणार्धात गोठवून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हजारो कोनांतून टिपून, त्याचा अणूगणिक नकाशा तयार झाला. २०२३ मध्ये 'नेचर'ने या गटाचे दोन निबंध एकाच अंकात छापले.

पाच सारखे भाग वर्तुळात उभे, मधोमध विद्युतभारित कणांसाठी वाट. एवढे पूर्वजासारखेच. बदल रेणू धरण्याच्या जागेत. मूळ ग्राहीत ही जागा लहान, बंदिस्त खोबणीसारखी असते आणि अॅसिटिलकोलिन तिच्यात नेमके बसते. ऑक्टोपसमध्ये ती खोबणी उघडी, पसरट आणि तेलकट झाली आहे. पाण्याला टाळणारे रेणू तिथे येऊन चिकटतात. एका रेणूसाठीचे कुलूप मोडून अनेक तेलकट रेणूंना बसायला जागा केली, इतका साधा बदल. कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्या प्रथिनाकडे चेतातंतूचा आदेश ऐकण्याचे काम होते, त्याला उत्क्रांतीने बाहेरच्या जगाची चव घ्यायला लावले.

दुसऱ्या निबंधात माकूल होता. ऑक्टोपसचा हा भाऊबंद खडक चाचपत फिरत नाही, दबा धरून झडप घालतो आणि भक्ष्य आधीच हाती आल्यावर ठरवतो की ते खायचे की टाकायचे. त्याचेही ग्राही याच घराण्यातले, पण कमी बदललेले. ते पाण्यात विरघळणारे कडू रेणू पकडतात. कडू द्रव्य लावलेली कोळंबी माकुलाने पकडली आणि सोडून दिली. एकच घराणे, दोन प्राणी, दोन जगण्याच्या तऱ्हा, आणि प्रथिनाच्या एका खोबणीत उमटलेला फरक. उत्क्रांती पाहावी ती अशी, अणूपासून शिकारीपर्यंत एका रेषेत.

भुजेच्या आतही नवे दिसू लागले आहे. २०२५ च्या सुरुवातीला शिकागोच्या कॅसडी ओल्सन, क्लिफ्टन रॅग्सडेल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की भुजेच्या मुख्य चेतारज्जूत पेशी सलग पसरलेल्या नसून खंडाखंडांत रचलेल्या आहेत आणि चूषकाकडे जाणारे तंतू अशा रीतीने निघतात की चूषकाच्या पृष्ठभागाचा नकाशाच रज्जूत उमटतो. वेल्स यांना वाटले होते की भुजा कुठे आहे हे मेंदूला कळत नाही. चूषकाच्या काठावर कुठे स्पर्श झाला हे मात्र भुजेला नीट कळत असावे.

आणि हे रेणू मुळात येतात कुठून? टर्पिनॉइड प्रयोगशाळेच्या संग्रहातले होते. समुद्रात ऑक्टोपसच्या चूषकाखाली खरोखर काय येते, याचा शोध रेबेका सेपेला आणि सहकाऱ्यांनी घेतला आणि जून २०२५ मध्ये तो 'सेल' या नियतकालिकात आला. त्यांनी दोन वस्तू निवडल्या, ज्यांच्या बाबतीत ऑक्टोपसचा निर्णय जीवनमरणाचा असतो: खेकडा आणि स्वतःची अंडी. ताजा खेकडा तो खातो, कुजलेला टाकतो. मादी आपल्या अंड्यांच्या माळा चूषकांनी सतत साफ करते आणि त्यात मेलेली, बिघडलेली अंडी निवडून बाहेर काढते. सूक्ष्मदर्शकाखाली ताज्या खेकड्यावर फारसे जीवाणू नव्हते, कुजलेल्यावर जीवाणूंची दाटी होती. निरोगी आणि बिघडलेल्या अंड्यांवरही वेगवेगळ्या वसाहती होत्या. संशोधकांनी हे जीवाणू वेगवेगळे वाढवले, त्यांतले कोणते ग्राही जागे करतात ते तपासले आणि त्या जीवाणूंनी सोडलेले रेणू ओळखले. मग खोट्या खेकड्याला आणि खोट्या अंड्याला तेच रेणू लावले. ऑक्टोपसने खोटा खेकडा नाकारला. मादीने खोटे अंडे माळेतून बाहेर टाकले.

वेल्स यांनी साखर, आम्ल आणि क्विनाइन निवडले ते माणसाच्या जिभेला ओळखीचे म्हणून. ऑक्टोपसने त्या परीक्षेतही शंभरपट गुण मिळवले, पण तो अभ्यासक्रम आपला होता, त्याचा नव्हता. त्याच्या चूषकांना ज्या चवी कळतात त्यांतल्या कित्येक कवचावर वाढणाऱ्या जीवाणूंच्या आहेत, आणि त्यांपैकी मोजक्याच आजवर ओळखल्या गेल्या आहेत. २६ ग्राही, पाच-पाचांच्या जुळणीत एकमेकांत मिसळून वेगळी वेगळी संवेदनशीलता देणारे, आणि समुद्रतळावर जीवाणूंच्या असंख्य जाती. काम आता या यादीवर चालले आहे, एका जीवाणूमागून दुसरा.